उंबरठा नसलेले संकेतस्थळ
दिव्यांग रुग्णांना स्वतः वापरता येईल अशी संकेतस्थळाची रचना

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात संकेतस्थळाच्या रचनेविषयी लेख कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अहवालात शस्त्रक्रियांचे आकडे असावेत, शिबिरांचा वृत्तान्त असावा, देणगीदारांची नामावली असावी. संगणकाचे प्रकरण तांत्रिक माणसांवर सोपवावे, असे वाटू शकते. परंतु गेल्या काही वर्षांत रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातील व्यवहाराचा मोठा भाग मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. डॉक्टरांची वेळ ठरवणे, तपासणीचा अहवाल पाहणे, शिबिराची तारीख कळणे, देयक भरणे, ही कामे आता पुष्कळदा दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच होतात. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रसुद्धा १ जून २०२१ पासून केंद्र शासनाच्या यूडीआयडी संकेतस्थळावरूनच देण्याचे बंधन आहे. म्हणजे ज्या व्यक्तीला आपण दिव्यांग आहोत याची नोंद करावयाची आहे, तिलाही आधी संकेतस्थळाचेच दार उघडावे लागते.

इमारतीच्या दाराशी उतार बांधणे, कठडे लावणे, चाकाची खुर्ची ठेवणे यांचे महत्त्व आता कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्याला तर या विचाराचा मोठा वारसा आहे. ऐन तारुण्यात पॅराप्लेजिया झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेची उभारणी केली, आणि त्यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाने पायरी व उंबरठा या साध्या गोष्टी एखाद्याचे सारे आयुष्य कसे अडवून धरतात हे मराठी वाचकांना दाखवले. संकेतस्थळालाही असेच उंबरठे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ज्यांना अडत नाही त्यांच्या ध्यानी येत नाहीत. हे उंबरठे कोणते आणि ते कसे काढावेत, याची माहिती आमच्या देणगीदारांना, विश्वस्तांना व रुग्णांच्या कुटुंबीयांना व्हावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

हे सारे कोणासाठी?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख व्यक्ती दिव्यांग होत्या. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. ही गणना आठ प्रकारांवर आधारलेली होती. त्यानंतर आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने २१ प्रकारांना मान्यता दिली. मात्र रुग्णालयाच्या दृष्टीने हा आकडाही अपुरा आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस अंधुक पाहणाऱ्या आजी, मधुमेहाने दृष्टिपटल खराब झालेले शेतकरी, कंपवातामुळे बोट स्थिर न राहणारे आजोबा, उजवा हात प्लास्टरमध्ये असलेला तरुण, यांपैकी अनेकांकडे कोणतेही प्रमाणपत्र नसते. तरीही पडद्यावरच्या अडचणी त्यांनाही तितक्याच भोवतात.

आपल्या हातकणंगले तालुक्याचा विचार केला तर हे अधिक स्पष्ट होते. इचलकरंजीचे यंत्रमाग आणि हुपरीचे चांदीकाम यांवर हजारो कुटुंबे जगतात. मागांच्या अखंड खडखडाटात वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येऊ लागणे ही वैद्यकशास्त्राला चांगली परिचित असलेली गोष्ट आहे. अशा माणसाला ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ एवढीच सूचना मिळाली, तर ती त्याच्यासाठी नसल्यासारखीच आहे. नजरेवर पोट असलेल्या कारागिराची नजर कमी झाली, तर बारीक अक्षरांतील फिकट मजकूर त्याला वाचता येणार नाही. रुग्णालयाकडे येणारा वर्ग मुळातच असा असतो की, त्याच्यात अडचण असलेल्यांचे प्रमाण इतरत्र असते त्याहून अधिक असणार.

पडदा ऐकणारी माणसे

दृष्टिहीन व्यक्ती संगणक वा मोबाईल कसा वापरते, याची पुष्कळांना कल्पना नसते. यासाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी आज्ञावली असते. तिला आपण ध्वनिवाचक म्हणू. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ या नावाची अशी सोय दिलेली असते, आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ असते. संगणकासाठी ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू झालेली ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली विनामूल्य मिळते. यांतील आवाज आता मराठीही वाचतात. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल लिपीतील मराठी पाक्षिक सुरू केले, तेव्हा दृष्टिहीन वाचकाच्या हाती प्रथमच स्वतःच्या भाषेतले वृत्तपत्र आले. ध्वनिवाचकामुळे त्याच वाचकाला रोजच्या व्यवहाराची कागदपत्रेही स्वतः वाचणे शक्य झाले आहे. अट एकच, ती कागदपत्रे वाचता येण्याजोगी केलेली असली पाहिजेत.

ध्वनिवाचकाला पान दिसत नाही. पानामागे जी सांकेतिक रचना लिहिलेली असते, ती तो क्रमाने वाचतो. डोळस माणूस पानावर नजर टाकून मोठ्या अक्षरांतील शीर्षक चटकन हेरतो. दृष्टिहीन माणूस एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी घेत जातो. परंतु रचनाकाराने ते शीर्षक ‘शीर्षक’ म्हणून नोंदवले नसेल आणि केवळ अक्षरे ठळक व मोठी केली असतील, तर उडी घेण्यास जागाच उरत नाही. मग डॉक्टरांची वेळ शोधण्यासाठी संपूर्ण पान आरंभापासून ऐकत बसावे लागते. ‘येथे क्लिक करा’ असे शब्द पानावर दहा ठिकाणी असतील, तर ऐकणाऱ्याला दहा वेळा तेच ऐकू येते आणि कोणते दार कोठे उघडते हे कळत नाही. त्याऐवजी ‘नेत्रविभागाच्या वेळा पाहा’ असे लिहिले की काम भागते. अर्जातील रिकाम्या चौकटीला नाव जोडलेले नसेल, तर ध्वनिवाचक नुसते ‘लिहिण्याची जागा’ असे म्हणतो. तेथे वय लिहावयाचे की मोबाईल क्रमांक, याचा उलगडा होत नाही.

रक्ततपासणीच्या अहवालाचे उदाहरण घेऊ. त्यात एक तक्ता असतो: तपासणीचे नाव, रुग्णाचे मूल्य आणि अपेक्षित मर्यादा. तक्त्याच्या रकान्यांची नावे नीट नोंदवलेली असतील, तर ऐकणाऱ्यास प्रत्येक आकड्याबरोबर तो कोणत्या रकान्यातला हे कळते. नोंदवलेली नसतील, तर कानावर केवळ आकड्यांची माळ पडते आणि आपले हिमोग्लोबिन कोणते व मर्यादा कोणती हे ओळखता येत नाही. मर्यादेबाहेरचा आकडा फक्त लाल रंगात छापलेला असेल, तर तो धोका दृष्टिहीनाला कळत नाही, आणि लाल-हिरवा भेद न ओळखणाऱ्या डोळस माणसालाही कळत नाही. आकड्यापुढे ‘कमी’ किंवा ‘जास्त’ हा शब्द लिहिला की दोघांचीही अडचण दूर होते. औषधाच्या मात्रेचेही तसेच. ‘१-०-१’ ही खूण आपल्या सर्वांच्या सवयीची. ऐकताना मात्र ती ‘एक शून्य एक’ किंवा ‘एकशे एक’ अशी कशीही कानी पडू शकते. ‘सकाळी १ गोळी, रात्री १ गोळी’ असे लिहिण्यास चार शब्द अधिक लागतात, पण चूक होण्यास वाव राहत नाही.

मराठीचा स्वतःचा प्रश्न

इंग्रजी संकेतस्थळांविषयी जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीपुढे मात्र एक वेगळाच अडथळा आहे, आणि तो अक्षरांचा आहे. आपल्याकडील छपाईची कामे अनेक वर्षे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये होत आली. त्या पद्धतीत पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर वा चिन्हच असते. फाँटने त्याला ‘क’ चे रूप दिलेले असते इतकेच. डोळ्याने वाचणाऱ्यास काहीच फरक जाणवत नाही. ध्वनिवाचक मात्र रूप पाहत नाही, मूळ अक्षर पाहतो, आणि सुंदर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग वाचू लागतो. असा मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही. यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ‘क’ हा सर्वत्र ‘क’ च राहतो. म्हणून संकेतस्थळावरील सारा मराठी मजकूर युनिकोडमध्येच असणे ही पहिली अट होय. त्याबरोबरच पानाची भाषा मराठी असल्याची नोंद पानाच्या रचनेत करावी लागते. ती नसेल, तर मराठी शब्दांचे उच्चार परक्या वळणाने होऊ शकतात.

दुसरा अडथळा छायाचित्ररूपी पत्रकांचा आहे. शिबिराचे रंगीत पत्रक तयार करून त्याचे चित्र संकेतस्थळावर व व्हॉट्सअॅपवर पाठवण्याची आपल्याकडे सर्वत्र प्रथा आहे. या चित्रातील तारीख, वेळ, स्थळ यांपैकी एकही शब्द ध्वनिवाचकाच्या हाती सहजासहजी लागत नाही. कागद स्कॅन करून केलेल्या पीडीएफ फाइलचीही तीच गत असते. चित्र जरूर असावे. त्याबरोबर तोच मजकूर अक्षरांतही लिहावा, किंवा चित्रामागे पर्यायी मजकूर जोडावा. तो मजकूर ‘छायाचित्र १’ असा असू नये. ‘मोतीबिंदू तपासणी शिबिर, रविवारी सकाळी ९ ते दुपारी १, ग्रामपंचायत सभागृह’ असे लिहिले म्हणजे चित्राचे प्रयोजन सिद्ध होते.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या आकाराची. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली आणि जोडाक्षरे आत दाटलेली असतात. इंग्रजीला पुरेसा ठरणारा आकार मराठीला लहान पडतो; ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतील भेद अंधुक नजरेला दिसत नाही. ओळींमध्ये मोकळी जागा हवी, आणि अक्षर दुप्पट मोठे केले तरी मजकूर पानाबाहेर जाता कामा नये.

डोळे, हात, कान आणि मन

अंधुक पाहणाऱ्यांसाठी अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक महत्त्वाचा असतो. त्याचे आंतरराष्ट्रीय माप ठरलेले आहे: साध्या अक्षरांसाठी तो किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे दिसावयास नाजूक वाटतात, पण या मापात बसत नाहीत.

हात थरथरणाऱ्यास वा एकाच बोटाने काम करणाऱ्यास बारीक बटणे एकमेकांना खेटून असली की त्रास होतो. म्हणून बटणाचा आकार किमान २४ बाय २४ पिक्सेल असावा, किंवा दोन बटणांत तेवढी मोकळीक असावी, असा दंडक आहे. संपूर्ण संकेतस्थळ माउसशिवाय, केवळ कळफलकाने चालवता आले पाहिजे. ओटीपी लिहिण्यास वेळेची मर्यादा असेल, तर ती वाढवून मिळण्याची सोय हवी. वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची कॅप्चा नावाची परीक्षा दृष्टिहीनांसाठी बंद दारासारखीच असते. तिला दुसरा पर्याय ठेवावा.

ऐकू न येणाऱ्यांसाठी आरोग्यविषयक चित्रफितींवर मराठी उपशीर्षके असावीत, शक्य तेथे भारतीय सांकेतिक भाषेतील निवेदन असावे, आणि फोनच्या जोडीला लेखी संदेशाने संपर्क साधण्याचा मार्ग असावा. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी आपल्या भागाला हे शिकवले आहे की, संकटाच्या वेळी निरोप ज्या रूपात पोहोचतो, त्यावर माणसाची सुरक्षितता अवलंबून असते. अपस्माराच्या रुग्णांसाठी एक विशेष काळजी घ्यावी लागते: पडद्यावर एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे काहीही असू नये, कारण त्याने झटका येऊ शकतो. आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी, तसेच कमी शिकलेल्या साऱ्यांसाठी, भाषा सोपी हवी. ‘फास्टिंग सॅम्पल’ याऐवजी ‘सकाळी काही न खाता रक्त द्यावे’ हे वाक्य सर्वांना कळते.

मानके व कायदा

या सर्व अपेक्षा कोणा एकाच्या मनात आलेल्या नाहीत. महाजालाची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९७ साली सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि मे १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. डिसेंबर २००८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती आली, तिची २.१ ही सुधारणा जून २०१८ मध्ये आणि २.२ ही सुधारणा ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. त्यांचा गाभा चार शब्दांत सांगता येतो: मजकूर जाणवण्याजोगा असावा, वापरण्याजोगा असावा, समजण्याजोगा असावा, आणि कोणत्याही साधनावर टिकाव धरणारा असावा. त्यांत ‘ए’, ‘डबल ए’ व ‘ट्रिपल ए’ अशा तीन पायऱ्या असून, संस्थांनी मधली पायरी गाठावी अशी जगभर सर्वसाधारण अपेक्षा असते.

अशा अपेक्षेकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे एक उदाहरण सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकचे आहे. ब्रूस मॅग्वायर या दृष्टिहीन नागरिकाने, स्पर्धेचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, अशी तक्रार ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. चित्रांना पर्यायी मजकूर नव्हता आणि निकालांचे तक्ते ऐकून समजत नव्हते. बदलांना वेळ व पैसा फार लागेल, हा संयोजन समितीचा बचाव आयोगाने मान्य केला नाही आणि निर्णय मॅग्वायर यांच्या बाजूने दिला. त्याची पूर्तता न झाल्याने समितीला २० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार ऑक्टोबर २००७ मध्ये स्वीकारला. २०१६ च्या कायद्यातील कलम ४२ माहिती व संपर्कतंत्राच्या सुगम्यतेविषयी आहे, आणि सेवा पुरवणाऱ्या खाजगी संस्थाही या कायद्याच्या कक्षेत येतात. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे मानकही उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी राहता कामा नयेत, किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना ओळख पटवताना पडद्यासमोर पापण्या मिटून दाखवणे शक्य नव्हते, म्हणून बँकेसारख्या सेवा त्यांना नाकारल्या जात होत्या. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले आणि २० निर्देश दिले.

विश्वस्तांनी काय पाहावे, देणगीदारांनी काय द्यावे

तांत्रिक ज्ञान नसलेल्यासही संकेतस्थळाची प्राथमिक परीक्षा घेता येते. माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने डॉक्टरांची वेळ ठरवून पाहावी. मोबाईलवर टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, नेत्रविभागाचा दिवस शोधून पाहावा. पान काळ्या-पांढऱ्या रंगात छापून, अर्थ हरवतो का ते पाहावे. आवाज बंद करून चित्रफीत पाहावी. या चार परीक्षांत पुष्कळसे उंबरठे उघडे पडतात. तपासणी करणाऱ्या आज्ञावल्याही मिळतात. परंतु चित्राला मजकूर जोडला आहे एवढेच त्या सांगू शकतात, तो मजकूर उपयोगाचा आहे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. पानाच्या कोपऱ्यात एक छोटे चिन्ह बसवले की संकेतस्थळ आपोआप सुगम्य होते, असे सांगून काही विक्रेते आज्ञावल्या विकतात. पानाची मूळ रचनाच सदोष असेल, तर असे चिन्ह ती दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून संस्थेच्या डिजिटल सेवांचे कोणतेही काम देताना करारपत्रात पाच अटी असाव्यात, असे आम्हांस वाटते. मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ आवृत्तीतील ‘डबल ए’ पायरी गाठली जावी. सर्व मराठी मजकूर युनिकोडमध्ये असावा. काम स्वीकारण्यापूर्वी दिव्यांग व्यक्तींकडून, त्यांना योग्य मानधन देऊन, प्रत्यक्ष वापर करवून घ्यावा. अडचण कळवण्यासाठी फोन व लेखी संदेश असे दोन्ही मार्ग ठळकपणे द्यावेत. आणि रोजचा मजकूर चढवणाऱ्या कर्मचाऱ्यांना पर्यायी मजकूर लिहिण्याचे शिक्षण द्यावे. घर बांधतानाच उतार ठेवला तर खर्च थोडा येतो; भिंती उभ्या राहिल्यावर तो करावयाचा झाला, तर तोडफोड आली. संकेतस्थळाचेही तसेच आहे.

देणगीदारांना आम्ही एक गोष्ट नम्रपणे सांगू इच्छितो. खाटेवर वा यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते. युनिकोडमध्ये लिहिलेल्या ओळीवर ते कोरता येत नाही. तरीही या कामासाठी दिलेल्या पैशाने जे साधते ते मोलाचे आहे, आणि त्याचे नाव गोपनीयता. जी स्त्री आपला तपासणी अहवाल स्वतः वाचू शकत नाही, तिला तो दुसऱ्या कोणाला तरी दाखवावा लागतो: शेजाऱ्याला, दिराला, औषधाच्या दुकानातल्या मुलाला. क्षयरोग, गर्भधारणा, एचआयव्ही, मानसिक आजार यांसारख्या गोष्टी मग तिच्या आधी इतरांना कळतात. आपला आजार आधी आपल्याला कळावा, आणि तो कोणाला सांगावयाचा हे आपण ठरवावे, एवढा अधिकार प्रत्येक रुग्णाला असतो. डोळस रुग्णाला तो न मागता मिळतो. सुगम्य संकेतस्थळ तोच अधिकार दृष्टिहीन रुग्णाला देते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती अशी की, आपल्या घरातील दिव्यांग वा वृद्ध व्यक्तीच्या वतीने सर्व कामे आपणच उरकून टाकू नयेत. मोबाईलवरील त्यांचे काम एकदा त्यांना स्वतः करू द्यावे, आणि ते कोठे अडते ते आम्हांस कळवावे. तक्रार कळवताना दिनांक, वापरलेला फोन आणि अडलेली जागा एवढे सांगितले, तरी दुरुस्तीला पुरेसे होते. विश्वस्तांनी अशा तक्रारींचा आढावा प्रत्येक तिमाही सभेत घ्यावा आणि त्यांची संख्या व त्यांवर झालेली कार्यवाही याच अहवालात छापावी, अशी आमची शिफारस आहे.